रात्री सात वेळा उठणारं बाळ: आधी तुमची झोप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी साडेसात महिन्यांची, जन्मवजन २ किलो ९००, आता ७ किलो ४००. दिवसा हसती-खेळती. रात्री साडेआठला झोपते आणि पहाटेपर्यंत सहा-सात वेळा उठते, अंगावर घेतल्याशिवाय पुन्हा झोपत नाही. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. आई म्हणते, दृष्ट लागलीय. मैत्रीण म्हणते, दोन रात्री रडू दे, तिसऱ्या रात्री गप झोपेल. नवऱ्याचं काम अमेरिकेच्या वेळेवर, कॉल रात्री एकपर्यंत. तुमची रजा संपून तीन आठवडे झाले, आणि परवा ऑफिसातून घरी येताना सिग्नलला स्कूटरवर क्षणभर डोळा लागला.

हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथेच थांबले. बावीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय, आणि रात्री उठणाऱ्या बाळाला त्याचा त्रास झालेला मी क्वचित पाहिलाय. त्रास आईला होतो. म्हणून आधी तुमचं बोलू. पुढचे पंधरा दिवस स्कूटर चालवू नका. बसने जा, रिक्षाने जा, कुणाच्या तरी गाडीतून जा. आणि आज रात्रीपासून तुम्हाला सलग चार-साडेचार तास झोप मिळालीच पाहिजे. तुकड्यातुकड्यांची सात तासांची झोप आणि सलग साडेचार तास, यांत सकाळी डोकं कशाने चालतं ते दोन दिवसांत तुम्हालाच कळेल.

ती झोप कुठून आणायची? तुमच्याच घरात आहे. नवरा रात्री एकपर्यंत जागाच असतो ना? मग रात्री नऊ ते दीड बाळ त्याचं. तुम्ही बाळाला पाजून, जेवून, नऊला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. कॉल चालू असताना बाळ उठलं तर? सात मिनिटं म्यूट करून थोपटायला उठलं तर कुठलीही कंपनी बुडत नाही. ज्या दिवशी अगदीच महत्त्वाची मीटिंग असेल, त्या दिवशी सासूबाईंना सांगा. पहाटे पाचनंतर त्या तशाही उठलेल्या असतात, तेव्हा पाच ते साडेसात बाळ त्यांच्याकडे. मधले साडेतीन तास बाळ तुमचं. यासाठी सासूबाईंचं मन वळवावं लागेल, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. सासूबाई, तुमची नात अगदी चांगली वाढतेय. सुनेचं दूध कमी असतं तर वजनाचा हा आकडा दिसला नसता, आणि दिवसाकाठी सहापेक्षा जास्त लंगोट ओले झाले नसते.

आता तुम्ही पाठवलेलं ते पान. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला तुम्ही मंगळवारच्या रात्रीच्या वेळा लिहिल्यात: ८.४०, १०.३०, ११.३५, १२.४०, १.५०, २.४५, ४.००, ५.१५. वेळांमधलं अंतर बघा. पहिली झोप जवळजवळ दोन तासांची, त्यानंतर दर तास-सव्वा तासाला जाग. भुकेचं घड्याळ इतकं काटेकोर नसतं. हे झोपेच्या फेऱ्यांचं घड्याळ आहे. आपली झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांची असते. तान्ह्या बाळाचा फेरा पन्नास-साठ मिनिटांचा, आणि त्यातला बराच भाग हलक्या झोपेचा. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी बाळ जवळजवळ जागं होतं. आपणही होतो, पण कूस बदलून झोपतो आणि सकाळी आठवतही नाही. तुमची लेक त्या क्षणी डोळे किलकिले करते आणि झोपताना जे होतं ते शोधते. झोपताना काय होतं? तुमची कूस आणि तोंडात दूध. ते नाही म्हटल्यावर रडते. दूध मिळालं की दोन मिनिटांत झोपते, कारण तिला भूक नव्हतीच, झोपेत परतायची वाट हवी होती.

यात तुमचं काही चुकलेलं नाही. पाजता पाजता झोपवणं ही आपल्याकडची जुनी आणि छान सवय आहे, आणि पहिले चार-पाच महिने तर तीच योग्य. रात्री पाजल्याने दूध टिकतं, कारण दूध आणणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही २८ टक्के झोपत नव्हती. आणि या बाळांच्या विकासात रात्रभर झोपणाऱ्या बाळांपेक्षा काही उणं आढळलं नाही. शेजारच्या घरातलं बाळ ‘रात्रभर गाढ’ झोपतं असं कुणी सांगितलं, तर ते खरंही असेल. तुमचं बाळ उठतं हेही तितकंच नॉर्मल आहे.

पण सातवरून दोनवर आणता येतं. बाळाला न छळता येतं. मी आयांना सांगते तो मार्ग हळूहळूचा आहे, दोन-तीन आठवड्यांचा.

पहिला आठवडा फक्त संध्याकाळच्या झोपेवर काम करा, रात्रीच्या उठण्याला हात लावू नका. पाजणं आणि झोपणं यांत वीस मिनिटांचं अंतर पाडायचं. सव्वाआठला पाजलं, ढेकर काढली, मग दिवा मंद करून लंगोट बदलला, कपडे बदलले, एखादं गाणं, ओवी, रामरक्षा, जे तुमच्या घरात असेल ते. रोज तेच, त्याच क्रमाने. मग डोळे जड झालेले पण मिटलेले नाहीत अशा वेळी अंथरुणावर ठेवायचं. रडेल. हात छातीवर ठेवून थोपटा, ‘श्श’ करा. थांबत नसेल तर उचला, शांत झालं की पुन्हा ठेवा. पहिल्या दिवशी हे पंधरा वेळा करावं लागेल आणि चाळीस मिनिटं जातील. चौथ्या-पाचव्या दिवशी पाच-सहा वेळांवर येतं. हे काम नवऱ्याने केलं तर जास्त लवकर जमतं, कारण त्याच्या अंगाला दुधाचा वास नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून रात्र. जाग आली की आधी दोन मिनिटं काहीही करू नका. घड्याळ लावून दोन मिनिटं. हलक्या झोपेत बाळं कण्हतात, हातपाय झाडतात, डोळेही उघडतात, आणि आपण त्यांना उचलून खरोखरच जागं करतो. एका आईला मी माझ्या ओपीडीत हे दाखवलं होतं. तिचं बाळ खांद्यावर झोपलेलं, मध्येच कुरकुरलं, तिने लगेच पदर सावरला. मी तिचा हात धरला आणि दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, मूठ गालावर घासली आणि एक मिनिट दहा सेकंदांनी मान टाकली. त्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मॅडम, म्हणजे मीच उठवत होते का रोज?

तसं तिने मनाला लावून घ्यायची गरज नव्हती, तुम्हीही नको. पण ती दोन मिनिटं सोन्याची आहेत. त्यानंतरही रडत असेल तर थोपटा. शेवटचं दूध पिऊन तीन तास झाले नसतील तर फक्त थोपटणं, तीन तासांच्या पुढे असेल तर खुशाल पाजा. या वयात रात्री एक-दोनदा पाजणं ठीकच आहे. मोठा दिवा लावायचा नाही, मोबाइलचा प्रकाश तोंडावर नको, बोलणं नको, शी केली नसेल तर लंगोट बदलायला घेऊ नका. नऊ ते दीडच्या पाळीत कधी पाजायची वेळ आलीच, तर आधी काढून ठेवलेलं तुमचंच दूध वाटी-चमच्याने द्या. काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये आत, दाराच्या कप्प्यात नव्हे, चोवीस तास चांगलं राहतं.

रात्रीच्या झोपेचं निम्मं काम दिवसा होतं, आणि तुमच्या बाबतीत इथेच काहीतरी बदललंय. तुम्हीच लिहिलंय की रजा संपेपर्यंत ती तीनदाच उठायची. आपल्या कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते. म्हणजे आई कामावर जाते नेमकी तेव्हा, जेव्हा बाळाला आई दिसेनाशी झाली की कळायला लागलेलं असतं, वरचं अन्न सुरू झालेलं असतं आणि ते पालथं पडून सरकायला शिकत असतं. तिन्ही गोष्टी एकदम. दिवसा तुम्ही नाही, म्हणून ती दिवसाचं दूध रात्री वसूल करते. तुमच्या सहवासाचाही हिशेब रात्रीच पुरा करते. घरी आल्या आल्या कपडे बदलून अर्धा तास फक्त तिच्याजवळ बसा, अंधाऱ्या शांत खोलीत पाजा. टीव्ही चालू असलेल्या हॉलमध्ये या वयाची मुलं दोन घोट पितात आणि मान वळवून बघत बसतात. सकाळी निघण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा, झोपण्यापूर्वी एकदा, अशी पोटभर पाजणी झाली की रात्रीची वसुली कमी होते.

दिवसाची शेवटची डुलकी पाचच्या आत संपू द्या. उलटं टोकही गाठू नका. ‘दिवसा जागं ठेवलं की रात्री झोपेल’ हे खरं नाही. फार दमलेलं बाळ जास्त चिडचिडं होतं आणि जास्त वेळा उठतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी. आणि नवरा रात्री झोपायच्या वेळी कामातून पाच मिनिटं काढून तिला हवेत उडवतो, तो खेळ त्याने सकाळी खेळावा. त्या खेळाने ती खिदळते, आणि त्यानंतर लवकर झोपत नाही.

जेवणाचं थोडक्यात. संध्याकाळी साडेसहा-सातला मऊ वरणभात-तूप, मुगाची खिचडी किंवा नाचणीची खीर, तिला हवं तेवढंच. रात्री झोपावं म्हणून पोट ठासून भरू नका, बाटलीतल्या दुधात सत्त्व कालवू नका. त्याने झोप वाढत नाही आणि ठसका लागण्याची भीती असते.

लोहाकडे मात्र लक्ष द्या, इथे मी जरा आग्रही आहे. जन्मतःचा लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास सरतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. लोह कमी असलेलं बाळ रात्री तळमळतं, पाय झाडतं, किरकिर करतं, आणि घरात सगळे गॅस-गॅस म्हणत पोटाला हिंग चोळत बसतात. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक आम्लाचं सिरप देतात, आशाताई किंवा अंगणवाडीत विचारा, किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगून थेंब सुरू करा. ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिटचे थेंब चालू आहेत ना, तेही तपासा.

दातांबद्दल सगळेच विचारतात. दात येताना एक-दोन रात्री वाईट जातात. तीन आठवडे रोज सात वेळा उठणं दातांच्या खात्यात टाकू नका.

दृष्ट काढायची तर काढा. आजी मीठमोहरी ओवाळते त्यात बाळाचं काही बिघडत नाही, आजीचं मन हलकं होतं. पण धुरी नको. आंघोळीनंतर शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून बाळाला धरण्याने त्या इवल्या श्वासनळ्या चिडतात, आणि नाक चोंदलेलं बाळ रात्री जास्त उठतं. गुटी नको, विशेषतः झोपेसाठी जायफळाचे जास्तीचे वेढे देणं नको. जायफळ किती उगाळलं गेलं याला माप नसतं, आणि जास्त झालं तर बाळ सुस्तावतं. मी अशी बाळं पाहिली आहेत. मध वर्षाच्या आत बोटभरही नको. आणि खोकल्या-सर्दीचं झोप आणणारं औषध कुणी ‘एक चमचा द्या, शांत झोपेल’ म्हणून सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतं.

आपल्या मुंबईत शंभरेक वर्षांपूर्वी गिरणीत जाणाऱ्या बाया बाळाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जायच्या. त्या बाया निष्ठुर नव्हत्या. दहा तास गिरणीत, घरी बाळाला बघायला कुणी नाही, मग काय करणार? आईच्या हाताशी माणूस नसलं की बाळाला गुंगी देण्याची पाळी येते, आणि म्हणूनच मी आधी तुमच्या घरातल्या पाळ्या लावल्या.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल प्रामाणिकपणे सांगते. रडू देण्याच्या नियोजित पद्धतींवर परदेशात बराच अभ्यास झालाय. सहा महिन्यांच्या पुढच्या निरोगी बाळांत त्या उपयोगी पडतात, आणि ऑस्ट्रेलियात अशा सौम्य पद्धती वापरलेल्या मुलांकडे पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा नुकसान आढळलं नाही. तरी मी तुम्हाला ते सुचवत नाही. दोन खोल्यांचं घर, भिंतीपलीकडे शेजारी, दाराबाहेर येरझाऱ्या घालणारी आजी, आणि दिवसभर आई न दिसलेलं बाळ. अशा घरात पहिल्या रात्री वीस मिनिटांनी कुणीतरी हरतं आणि बाळाला उचलतं, म्हणजे बाळ एवढंच शिकतं की वीस मिनिटं रडलं की काम होतं. जे घरातल्या सगळ्यांना निभावता येईल तेच करावं.

आता ती झोपते कुठे? तुम्ही लिहिलंय, पलंगावर दोघांच्या मध्ये, जाड गोधडीखाली, डोक्याखाली मोहरीची उशी. गोधडी आणि उशी दोन्ही काढा. वर्षाच्या आत उशी लागत नाही, मोहरीचीही नाही. पाठीवर झोपवा. रात्री ती स्वतःहून पालथी झाली तर होऊ द्या. मला विचाराल तर खाली जमिनीवर घट्ट कापसाची गादी घाला, शेजारी तिची वेगळी छोटी गादी. पडण्याची भीती नाही आणि तुम्हाला हात लांबवून थोपटता येतं. जवळ झोपवायला माझा विरोध नाही, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या झोपतात. पण घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, तर त्या माणसाजवळ बाळ नको. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं, आणि तुमच्या सध्याच्या थकव्यात ते सहज होईल. झोळी दिवसा, कुणी समोर बसलेलं असताना ठीक. रात्री नको. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. बाळ दर तासाला उठायचं आणि आई झोपेतच पाय हलवायची.

आणि कपडे. पुण्याच्या ऑक्टोबरात टोपडं, मोजे, स्वेटर आणि वर दुपटं? मानेमागे बोट लावून बघा. घाम असेल तर बाळ गरम होऊन उठतंय.

काही खुणा दिसल्या तर मात्र उत्तरं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. झोपेत रोज घोरणं किंवा मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटणं, ताप, कानाला हात लावून किंचाळणं, दूध पिताना दम लागणं, वजन न वाढणं, लघवी कमी होणं, नेहमीपेक्षा वेगळं, न थांबणारं रडणं. आणि एक खूण तुमच्यासाठी. बाळ झोपलंय, घर शांत आहे, तुम्ही दमलेल्या आहात, आणि तरी झोप येत नाही. किंवा सारखं रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, नको नको ते विचार येतात. हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, ते बरं होतं, आणि त्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा लिहा. त्या वहीत उठण्याच्या वेळा टिपणं आता बंद करा, रात्री घड्याळाकडे बघून माणूस जास्त थकतं. रोज सकाळी दोनच गोष्टी लिहा: संध्याकाळी ती कशी झोपली, आणि तुम्ही सलग किती तास झोपलात. दुसरा आकडा चारच्या खाली आला की त्याच दिवशी नवऱ्याला ते पान दाखवा.